चपला विसरलेला शिपाई

इंदापूर,
नोव्हेंबर १९९६

आदरणीय सर्जेराव दाजी यांना,
धाकटा मेव्हणा जोतीराम याचा प्रभूच्या नावानं सलाम.

आमच्याकडं सगळे बरे आहेत. तुमचा गुडघा थंडीत ठणकत असेल. आक्काला एरंडाचं पान शेकून बांधायला सांगा. (ती तुमचं ऐकत असली तर. माझं तर आता ऐकतच नाही.) कन्हेरीचा ऊस तुटला का? हे सगळं मनापासून विचारतोय, पण दाजी, मुख्य गोष्टीपाशी यायला पाय अडखळतात म्हणूनही विचारतोय.

गेल्या रविवारी मी प्रभुभोजन न घेता चर्चमधून उठलो. भावाशी वाकडं असेल तर आधी जाऊन समेट करा, असं पाळकसाहेब म्हणाले आणि माझ्या डोळ्यांपुढं तुमची टोपी आली. हंगामाच्या उपासनेनंतर लिलावातून उठताना तुम्ही ती झटकून डोक्यावर ठेवली होती आणि तडक निघून गेला होतात.

त्याचं मूळ असं. त्याआधी इथं आत्मिक लढाईवर शिबिर झालं. उपदेशक म्हणाले, सैतान रोज टपलेला असतो, म्हणून सकाळी उठल्याबरोबर देवाची सगळी शस्त्रसामग्री चढवा. मला एखादी गोष्ट पटली की मी ती ताणतो, हे तुम्ही जाणताच. रोज पहाटे चूळ भरून घरात उभा राहायचो. सत्याचा कमरपट्टा करकचून आवळायचा, उरस्त्राण बांधायचं, शिरस्त्राण चढवायचं (त्यासाठी माकडटोपी), ढाल डाव्या हातात, तलवार उजव्या. सगळं हवेतच, पण हातवारे पुरे. शेजारच्या अप्पांनी खिडकीतून बघितलं आणि द्वारकाला विचारलं, "सूनबाई, जोतीरामच्या अंगात येतंय का काय?" तिनं सांगितलं, "न्हाय ओ, लढाईला चाललेत." लोणी देवकरच्या कारखान्यात सुपरवायझर माझ्यावर विनाकारण खेकसला, तरी मी ढाल धरून गप्प राहिलो. पत्त्यांचा डाव सोडला. मावा सोडला. आठवडाभर जिंकतच गेलो आणि इथंच घात झाला, कारण जिंकणाऱ्याला वाटतं समोर दिसेल तो शत्रूच.

तशात बारामतीला हंगामाची उपासना आली. वेदीपुढं ज्वारीची कणसं, कोंबड्या, अंडी आणि तुम्ही वाहिलेला तो तांबडा भोपळा. मग वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात तुम्ही त्याच भोपळ्यावर बोली लावली. बाकी कुणी तोंड उघडेना. मला वाटलं, दाजींना सगळे भितात! स्वतःच द्यायचं, स्वतःच रुबाबात परत घ्यायचं, हा तर गर्व, आणि गर्व म्हणजे सैतानाचं ठाणं. एक पाऊल मागं हटायचं नाही, असं उपदेशकांनी बजावलेलंच होतं. तुम्ही वाढवली की मी वाढवायचो. शेवटी तुम्ही थांबलात. मी तो भोपळा खांद्यावर घेऊन एसटीत असा बसलो, जसा गड घेऊन आलोय. घरी घारगे केले, गल्लीभर वाटले. अप्पांनी तर दोनदा मागून खाल्ले.

मग आक्का आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "जोत्या, तो येल आत्याबाईंनी जायच्या आधी लावला व्हता. पैलं फळ देवाला दिलं, अन् बियांसाठी ह्ये परत घेनार व्हते. समद्या चर्चला ठावं व्हतं, म्हून कुनी बोललं न्हाय." पाणीसुद्धा न घेता गेली.

दाजी, तुमच्या आईंनी, ठमाबाई मामींनी, माझ्या लग्नात स्वतःच्या हातानं पुरणपोळ्या लाटल्या होत्या. त्यांनी लावलेल्या शेवटच्या वेलाचं फळ मी गल्लीत वाटलं. मला फार वाईट वाटतंय. कुणाशी लढलो, तर घरच्याच माणसाशी.

उपदेशकांचं चुकलं नव्हतं. मी परवा शास्त्र उघडून शस्त्रं पुन्हा ताडून बघितली. एक मी रोजच वगळत होतो, पायातलं. घरात, तेही प्रार्थनेला, चपला कोण घालतं? म्हणून ते सोडून बाकीचं चढवायचो. आणि शांतीची सुवार्ता नेमकी त्या पायताणातच होती. तलवार घेऊन अनवाणी हिंडलो, दुसरं काय!

माफी मागण्यापलीकडं माझी काही मागणी नाही. दोन ओळींचं उत्तर पाठवलंत तरी पुरे.

तुमचा चुकलेला,
जोतीराम

ता. क. : मागणी नाही म्हणालो ते खोटं. नाताळला आक्काला घेऊन या. आणि बिया आहेत! द्वारकानं घारगे करताना राख लावून सुपात वाळवल्या होत्या. मूठभर मी मीठ लावून भाजून खाल्ल्या (तेव्हा ठाऊक नव्हतं), उरलेल्या पुडीत बांधल्यात.

ता. क. दुसरं : द्वारकानं पत्र वाचलं. म्हणाली, "येवढं लिवन्यापरास उठून जावा की." म्हणून पोस्टात न टाकता स्वतःच आणलंय. आक्कानं ते आत आणून तुमच्या हातात दिलं असेल. दाजी, मी अंगणात उभा आहे, बियांची पुडी खिशात आहे. पायात चपला आहेत. तुम्ही 'आत ये' म्हणालात, की काढतो.