खिडकीपर्यंतचा पाइप

३ नोव्हेंबर, सोमवार

ओटा फोडला! घरभर धूळ. गॅसच्या फिटरनं दारातच विचारलं, शेगडी कुठे, गिझर कुठे? नंतर पाइप हलवणार नाही म्हणे. गिझर बाथरूमच्या आत तर मुळीच नाही — बाहेर पॅसेजमध्ये. शेगडी खिडकीशेजारी, मी ठणकावून सांगितलं. तेवढं एकच मला पाठ आहे. सव्वीस वर्षं ऐकलंय बायकोकडून.

४ नोव्हेंबर

आज नवा प्रश्न. गॅसचा कॉक डाव्या हाताला की उजव्या? बाईंना कसं सोयीचं? सव्वीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, आणि ती गॅस कुठल्या हातानं लावते ते ठाऊक नाही! शेवटी मेहुणीला फोन केला. बायको मे महिन्यापासून तिच्याकडेच राहतेय. मेहुणी आधी हसली. मग म्हणाली, "डाव्या. भावजी, तुम्ही खरंच हे विचारताय?"

तिला फोन दे, म्हणायचं होतं. फोन ठेवून दिला.

५ नोव्हेंबर

सिमेंट वाळतंय. तिची फार आठवण येते.

७ नोव्हेंबर

पाइप बसला. अकरा फूट, दोन वळणं, अर्ध्या दिवसाचं काम! ती म्हणायची, भिंतीकडे तोंड करून जन्म चाललाय, शेगडी जरा उजेडात न्या. मी म्हणायचो, पाइप तिथवर नेता येत नाही, नियमच आहे तसा. कुठला नियम? कधी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. आज फिटरला विचारलं, हे पूर्वीही झालं असतं का?

"केव्हाही," तो म्हणाला, आणि जोडांना साबणाचं पाणी लावत बसला. एकही बुडबुडा आला नाही.

वरातीमागून घोडं! पण निघालं तरी. मेहुणीला निरोप दिला, रविवारी दोघी स्वयंपाकघर बघायला या. खरं म्हणजे सांगायचं होतं, तिला परत पाठव.

८ नोव्हेंबर

नवी शेगडी तीनदा पुसली. चौथ्यांदा स्वतःचाच राग आला.

९ नोव्हेंबर, रविवार

बायको एकटीच आली. पाइपवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "एवढंच होतं?" तिनं चहा केला, दोघांना ओतला, खिडकीशी उभी राहून सावकाश प्यायली. मला वाटलं — राहिली!

कप विसळून म्हणाली, "छान झालंय हो. मी तिकडे खोली घेतलीय. माझ्या नावानं गॅसही आलाय."