ताईने टाकलेला स्टेंट

४ मार्च

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. बाबा माझ्याकडून तुझ्याकडे राहायला काय गेले, आठवड्यात त्यांची छाती दुखायला लागली! सारखे जिने चढवतेस की काय त्यांना? दोन वर्षांपूर्वी मी स्टेंट टाकला तेव्हाची अँजिओग्राफी अगदी स्वच्छ होती. वीस वर्षं पडद्यावर बघून नजरेनेच धमनीचं माप घेते आहे, अजून चुकलेलं नाही.

आता तू म्हणे धमनीत तार घालून आतून सोनोग्राफी करणार. बाबा फोनवर अर्धा तास तेच सांगत होते. छकुली आत शिरून बघते, छकुली अंदाजावर काम करत नाही. म्हणजे मी करते! पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. बघ बाई, तुझंही समाधान होऊ दे.

आशीर्वाद आहेतच,
ताई

११ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. काल बघितलं. स्टेंट मधोमध पुरता उघडलेलाच नाही. मागे कॅल्शियमचा कडक थर आहे. अँजिओग्राफीच्या बाहेरच्या चित्रात तो कळला नसता. सोमवारी थर फोडून स्टेंट नीट फुगवून घेणार आहे. बाबांना वाटतं, वयामुळे झालं. मी त्यांना काही बोलले नाही.

तुला मात्र खरं सांगते. पडद्यावर ते पाहून मला आधी आनंद झाला. लहानपणापासून तुझे जुने कपडे आणि तुझ्या मार्कांचे टोमणे माझ्या वाट्याला आले. एकदाची तू चुकलीस! मग टेबलावर बाबा आहेत हे आठवलं आणि माझीच मला लाज वाटली.

पण ताई, हे आतून बघायचं यंत्र तेव्हा तुझ्या कॅथलॅबमध्येही होतं. मीच मागे लागून घ्यायला लावलं होतं. मग का नाही लावलंस?

माया कमी करू नकोस.

तुझी,
छकुली

१३ मार्च

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून आधी तुझा भयंकर राग आला. मग जुनी चित्रं काढून बसले. चूक माझीच आहे. आज फोन करून बाबांना मीच सांगितलं. ते म्हणाले, होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस. ते ऐकून मी जास्तच कानकोंडी झाले, कारण एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली.

यंत्र त्या दिवशी टेबलाशेजारी तयार होतं. मी लावणारच होते. तेवढ्यात बाबांनी पडल्या पडल्या विचारलं, छकुलीचं यंत्र लावते आहेस ना, मग मला काळजी नाही.

मी यंत्र बाजूला न्यायला सांगितलं.

सोमवारी येते. लोभ उरला असेल तर असू दे.

ताई