कॅनडा सोडून सगळं जग

९ मार्च, रविवार

आईने हो म्हटलं! म्हणजे 'हो' असं नाही म्हटलं. कॉफी ओतता ओतता म्हणाली, "तुला बरं वाटेल ते कर." आमच्या घरात याला होच समजायचं.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली आणि आईच्या करमुक्त खात्यातली सगळी पुंजी अजून एकाच बँकेच्या शेअर्समध्ये पडून आहे. बाबांनी घेतलेले, म्हणून कुणी हात लावला नाही. एकच देश, एकच बँक! जगाच्या बाजारात कॅनडाचा वाटा तो केवढा — शंभरात तीन. हे सगळं समजावून सांगितलं तर आई म्हणते, "परदेशात? माझा बाप परदेशातूनच तर पळून आला. खिशात दोन बटाटे घेऊन." फिनलंडचे ते दोन बटाटे मी जन्मापासून ऐकतेय. हसले आणि विषय बदलला. बाजारातलं तिला काय कळणार! व्यवहाराचे अधिकार माझ्याकडे आहेत, मी बघते.

रेनोचा कॅलगरीहून फोन. "ताई, तू आपल्या औषधांच्या दुकानात गोळ्या मोज. फंडांच्या भानगडीत कुठे पडतेस?" धाकटा असून हे बोलणं! दाखवतेच आता.

१३ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत, औषधांच्या कपाटामागे बसून फंडांची छाननी. तीन उरलेत. पहिला न्यूयॉर्कच्या बाजारातला — खर्च सगळ्यात कमी, पण आपले डॉलर त्यांच्या डॉलरमध्ये बदलण्यातच फटका. दुसरा चलनाच्या चढउतारापासून जपणारा. जपण्याचे पैसे अर्थातच वेगळे! आणि आई काही उद्या पैसे काढणार नाही, मग कशाला हवी ती राखण? तिसरा टोरोंटोच्या बाजारात आपल्याच डॉलरमध्ये मिळतो. अमेरिका, युरोप, जपान, हजारो कंपन्या, एका फंडात. कॅनडा सोडून सगळं जग! हाच.

लाभांश कमी देतो, तोही वर्षातून दोनदाच. असू दे. वाढ बघायची असते. लाभांश लाभांश करत बसणारी म्हातारी माणसं मला दुकानात रोज भेटतात.

१७ मार्च, सोमवार

विकले. घेतले. आईला फोन केला — "झालं!" ती म्हणाली, "बाबांचे सगळे?" "सगळे." "बरं." मग बराच वेळ टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलत राहिली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

थँक्सगिव्हिंग. रेनो आणि त्याची बायको आली होती. टर्की कापायच्या आधीच मी फोन काढून फंडाचा आलेख सगळ्यांपुढे नाचवला. चौदा टक्के वर! रेनो म्हणाला, "मानलं बुवा ताई." आज खरंच छाती फुगली. आईला म्हटलं, "बघ, बसल्या जागी श्रीमंत झालीस!" आई सलगम वाढत होती. "हो का? छान."

रेनो हात चोळत म्हणाला, "आई, घरात गारठा आहे गं." आई म्हणाली, "तुझं कॅलगरीतलं घर म्हणजे बेकरी आहे. इथे माणसं राहतात." सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्याने.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज दुकानात आईच्या शेजारच्या सिर्का मावशीलाही आलेख दाखवला. तिने विचारलाही नव्हता.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजही आईकडे सॉना नाही, वाफेची खोली गारच. आई म्हणाली, पाठ दुखते. सलग चौथा शनिवार! बाबा गेले त्या आठवड्यातसुद्धा शनिवारचा सॉना तापला होता. पाठीला मलम नेऊन दिलं, आणि कसं चोळायचं ते दोनदा बजावलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानात येणाऱ्या पेल्तिए आजोबांच्या गोळ्या महिन्यापूर्वीच संपायला हव्या होत्या. संपल्या नाहीत. खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं — अर्धी अर्धी करून घेतात. पुरवायला! रक्तदाबाची गोळी! चांगलं झापलं त्यांना. "मुलं आहेत ना तुम्हाला? एक शब्द बोलायला काय होतं?" तर म्हणतात, "मुलांकडे मागणं काय असतं, ते तुला अजून कळायचंय, पोरी."

कसली मुलं असतात एकेकाची! डोळे फुटलेत का यांचे? दिवसभर डोकं तापलेलं होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डोळे माझेच फुटलेत.

सकाळी बेकरीत सिर्का मावशी भेटली. तिच्या जिभेला हाड नाही. रांगेत सगळ्यांच्या देखत म्हणाली, "काय गं कारिना, तुझी आई एवढी श्रीमंत झालीय, मग घरात तुझ्या बाबांचा कोट घालून का बसते?"

तशीच निघाले. न कळवता, मागच्या दाराने. आई स्वयंपाकघरात शब्दकोडं सोडवत बसली होती. अंगात बाबांचा बर्फात घालायचा जाडजूड कोट. बाह्या दुमडलेल्या. हीटिंगचा काटा चौदावर, आणि बाहेर उणे अकरा! वरच्या दोन्ही खोल्या बंद, दारांच्या फटींत टॉवेल कोंबलेले.

"आई, हे काय?"

"कोट."

"हीटिंग का कमी केलंस?"

"बिल येतं त्याचं."

"अगं, पण पैसे आहेत ना तुझ्याकडे!"

"आहेत की. खात्यात. तिथे चांगले उबेत असतील."

चिमट्याने काढावं तसं एकेक बाहेर आलं. सरकारी पेन्शन घराच्या करात आणि किराण्यात जातं. हीटिंग, सॉनाची वीज, पुल्लाला, तिच्या त्या फिनिश गोड पावाला, लागणारं लोणी आणि वेलदोडे, हे सगळं बाबांच्या बँकेच्या लाभांशावर चालायचं. दर तीन महिन्यांनी यायचा. एप्रिलमध्ये आला नाही. जुलैत आला नाही. ऑक्टोबरात आला नाही. जूनमध्ये माझ्या फंडाने काहीतरी दिलं होतं. किती, ते मला आठवेना. आईला आठवत होतं. "चारशे बारा. छपराची गळती काढली त्यात."

मी ओरडलेच. "मग सांगायचंस ना! थोडे युनिट विकले असते. एका फोनचं काम!"

"मूळ रकमेला हात लावायचा नाही. तुझ्या बाबांनी चाळीस वर्षांत लावला नाही."

"आई, युनिट विकलं काय आणि लाभांश आला काय, हिशेबाने एकच असतं गं —"

"एक नसतं." आई आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही. "लाभांश आपला आपण येतो. विकायचं म्हटलं की तुला फोन करायचा. मग तू विचारणार, किती हवेत, कशाला हवेत. मी तुझ्या बाबांपुढेसुद्धा कधी हात पसरला नाही, कारिना."

मग तिने कॉफी केली. मी प्यायले. दुसरं काय करणार होते?

२३ नोव्हेंबर, रविवार

लाज वाटते. इथे लिहितानाही वाटते, आणि हे तर कुणी वाचणारही नाही.

फंडाचा खर्च किती, चलन कुठलं, बाजार कुठला, सगळं तपासलं. 'आई, तू जगतेस कशावर?' एवढं एक विचारलं नाही. आणि त्या थंडगार घरात, तिच्याच टेबलावर, तिला श्रीमंत म्हणाले! तिने 'छान' म्हटलं. तो शब्द काल रात्रीपासून कानातून जात नाही.

दुपारी पुन्हा सगळी माहिती काढून वाचली. परदेशी सरकारं लाभांशातून आपला कर आधीच कापून घेतात, आणि या करमुक्त खात्यात तो परत मिळत नाही. म्हणजे जे थोडं येतं, तेही कापून येतं. मार्चमध्येही हे तिथे लिहिलेलं होतंच. मी आलेख बघत होते.

३० नोव्हेंबर, रविवार

रेनोला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. रोज फोन उचलते आणि ठेवते.

बँकेचे शेअर परत घ्यावेत? म्हणजे आईला म्हणायचं, माझं चुकलं. म्हणायचं तर आहे. पण तिच्यासमोर उभी राहिले की तो कोट दिसतो आणि जीभ टाळ्याला चिकटते. मी — जी दिवसभर लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते!

२ डिसेंबर, मंगळवार

एक मूर्खपणा करून आले.

आईच्या पासबुकाच्या खात्यावर माझीही सही चालते. शाखेत गेले आणि माझ्या पगारातले पैसे त्यात भरले. एक हजार चौऱ्याण्णव डॉलर साठ सेंट. बाबांच्या बँकेचा लाभांश शेवटी आला होता तेवढेच. जुना कागद समोर ठेवून, सेंटसकट! तिला फरक जाणवायला नको म्हणून. मग फोन केला, "आई, परदेशातून पैसे आले!"

"आले? महिन्याच्या सुरुवातीलाच?"

"हो. आणि आता दर तीन महिन्यांनी येणार."

"अरे वा. सुधारले म्हणायचे."

माफी मागायला तोंड उघडेना, आणि खोटं बोलायला कसं पटकन उघडलं! पैसे भरून लाज मिटेल असं वाटलं होतं. दुप्पट झाली.

६ डिसेंबर, शनिवार

सॉना तापला! खिडकीत दोन मेणबत्त्याही लावल्या होत्या तिने, दर वर्षी फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाला लावते तशा. वरच्या बाकावर आई, खालच्यावर मी. दगडांवर पाणी टाकत म्हणाली, "कुठून कुठून आले गं पैसे?"

"जपान. जर्मनी. अमेरिका."

"आणि फिनलंडहून?"

"...थोडे आले."

"थोडे म्हणजे किती?"

"अकरा डॉलर," मी म्हटलं. कुठून सुचलं देव जाणे!

आईने दगडांवर आणखी एक पळी पाणी टाकलं. मग हळूच म्हणाली, "माझा बाप दोन बटाटे घेऊन निघाला तिथून. आणि आज तिथून अकरा डॉलर आले. हे ऐकायला तो हवा होता."

वाफ होती म्हणून वाचले. मी ढसाढसा रडत होते. तिला घामच वाटला असेल.

१६ डिसेंबर, मंगळवार

खातं उघडून पाहिलं. कुणीतरी फंड विकलाय! अर्धा! मी नाही केलं हे! चोरीच झाली असं समजून ब्रोकर कंपनीला फोन लावला.

पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, खातं ज्यांचं आहे, त्यांनीच फोन केला होता. हेल्वी आजींनी. अर्धा फंड विकला, त्याचे एका बँकेचे शेअर घेतले. सगळं नीट विचारून घेतलं हं त्यांनी. जाता जाता मला पुल्लाची कृतीही सांगितली."

आईला फोन करायची हिंमत झाली नाही.

२० डिसेंबर, शनिवार

सिर्का मावशी दुकानात पिशवी देऊन गेली. आत ताजा पुल्ला, खाली आईचा चेक. माझ्या नावाचा. एक हजार नव्याण्णव डॉलर साठ सेंट.

फोन केला. आईच म्हणाली, "बाबांच्या बँकेचा आकडा मला पाठ आहे गं. सेंटसकट. जपानला तो कुठून ठाऊक असणार?"

"आई, मी..."

"अर्धे ठेवलेत तिकडे. फिनलंडचे अकरा डॉलर बुडायला नकोत."

लाजेने मेले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणि हे वरचे पाच कसले?"

"तुझा लाभांश," ती म्हणाली. "न मागता आला ना?"