आईंच्या रक्तातला जंतू

अहो,

घटस्फोटानंतरही दुसरी हाक सुचत नाही.

परवा तुमच्या आईंचं रक्त आमच्याच लॅबमध्ये आलं; काल त्यात जंतू वाढलेला दिसला. पूर्वी जंतू वाढला तरी त्याची ओळख पटायला दोन दिवस जायचे. नव्या मशीननं तासाभरात नाव सांगितलं. चालू औषध त्याला लागूच पडणार नव्हतं. वॉर्डात कुणी फोन उचलेना, म्हणून जिने चढून मीच गेले. डॉक्टरांनी लगेच औषध बदललं.

आज ताप उतरतोय. पत्र पाठवणार नाही; तुम्ही आभार मानाल, आणि ते मला झेपणार नाही.

मी कामावरून आले की आई मला "लॅबवाली" म्हणत तीनतीनदा हात धुवायला लावायच्या, आठवतं? काल त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. "बस गं जरा," म्हणाल्या.

हात धुतलेस का, हे विचारलंच नाही.

– त्यांची लॅबवाली