शेवटच्या पानावरचा माणूस

प्रिय सूनबाई,

फोन सोडून बाबा पत्र कशाला लिहीत बसले, असं वाटेल तुला. फोन लावला की तुझी दोन्ही पिल्लं माझ्या मांडीवर चढतात आणि मग हवापाण्यापलीकडे काही बोलता येत नाही. शिवाय महत्त्वाचं बोलायचं असलं की माझी जीभ अडखळते. तुझ्या सासूबाई म्हणतात, चष्म्याच्या दुकानात जन्म गेला हे तुमचं नशीबच. तिथे गिऱ्हाईक अक्षरं वाचतं आणि तुम्ही नुसती मान डोलवायची.

आधी खुशाली. मोठीचा पुढचा दात पडला, त्यामुळे हसताना ती तोंडावर हात धरते आणि एरवी जिभेने ती फट चाचपत बसते. टिल्लू रोज बूट उलटे घालतो आणि बूटच चुकीचे आहेत असं सांगतो. तुझ्या सासूबाईंचा गुडघा आता बरा आहे, पण जिना चढताना अजून माझा खांदा लागतो. मला ते आवडतं, हे त्यांना सांगू नकोस.

तुझ्याकडे येताना मुलांना विमानाची भीती वाटू नये म्हणून चित्रांची पुस्तकं आणा, असं तू सांगितलं होतंस. मी म्हटलं, त्यात काय एवढं! विमानाचं चित्र दिसलं की पुस्तक उचलायचं. पहिलं आणलं त्यातल्या विमानाला मोठे डोळे होते, गाल होते आणि या कानापासून त्या कानापर्यंत हसणारं तोंड. टिल्लूने ते पाहिलं आणि भोकाड पसरलं. विमानाला तोंड असेल तर आत जाणारा माणूस पोटात जाणार, हे त्याचं म्हणणं. पुस्तकाच्या दुकानातल्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. पुस्तक परत घेतलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं.

दुसऱ्या पुस्तकात एका मुलीचा कापडी ससा विमानतळावरच्या तपासणीच्या यंत्रातून जातो आणि पलीकडून बाहेर येतो. टिल्लू खूश, पण मोठीचं तोंड एवढंसं झालं. नाहीच आला बाहेर तर? मग आम्ही जेवणाच्या टेबलावर चादर टाकून यंत्र तयार केलं. मी एका टोकाला, आजी दुसऱ्या टोकाला. ससा नव्हता म्हणून उशी गेली, माझा चष्मा गेला, आजीचं पोळपाट-लाटणं गेलं, शेवटी टिल्लू स्वतः सरपटत गेला. सगळं सुखरूप बाहेर आलं. मोठीने मात्र मलाही आत जायला लावलं. टेबलाखालून निघताना माझी कंबर धरली आणि दोन दिवस मी वाकूनच चाललो. हसू नकोस. मी तरी कुठे कधी विमानात बसलोय? मुलांना तुझ्यापर्यंत आणायचं म्हणजे ही तयारी तिघांची आहे.

तिसरं पुस्तक त्या बाईंनीच शोधून दिलं. त्यातलं विमान नुसतं विमान आहे. रांगेत कंटाळलेली माणसं आहेत, कानांना दडे बसल्यावर गाल फुगवणारा मुलगा आहे, रडून रडून झोपलेलं तान्हं बाळ आहे. संडासातल्या पाण्याचा आवाज मोठा असतो, हेसुद्धा आधीच सांगून टाकलंय. मुलांना ते फार पटलं. मोठी आता टिल्लूला वाचून दाखवते. अक्षरं अडली तर मनाने जुळवते. खुर्चीला माझा पट्टा बांधून उड्डाण होतं आणि आजी पाणी आणून देते. उतरण्याची वेळ झाली की सगळ्यांनी आवंढे गिळायचे.

घोडं अडलं ते शेवटच्या पानावर. त्या पानावर मुलं विमानतळाच्या दारातून बाहेर येतात आणि समोर त्यांचे आईबाबा उभे असतात. टिल्लूने बोट ठेवून विचारलं, हा कोण? मोठी म्हणाली, हे त्या मुलांचे बाबा. मग आपल्याला न्यायला कोण येणार? आई. आणि? मोठीने पानावर तळहात ठेवला, तो माणूस पूर्ण झाकून टाकला आणि म्हणाली, "हे बघ, आपलं चित्र असं." टिल्लूने मान हलवली आणि खेळायला पळाला. मी चष्म्याची काच पुसत बसलो. ती आधीच स्वच्छ होती.

आमचा मुलगा गेल्यापासून या घरात त्याच्याविषयी आम्ही बोलतो, पण जपून बोलतो. आज नाही जपत. तू पहिल्यांदा दुकानात आलीस ती काडी मोडलेला चष्मा घेऊन. काम पाच मिनिटांचं होतं. त्याने तुला सांगितलं, सुटा भाग मागवावा लागेल, चार दिवसांनी या. चार दिवसांनी सांगितलं, अजून आला नाही. मी मागे बसून ऐकत होतो आणि माझ्या दुकानाची अब्रू जाताना बघत होतो. तिसऱ्या खेपेला तू त्याला म्हणालीस, भाग येऊ दे किंवा नको, चहा तरी पाज. तेव्हा मला कळलं की ही पोरगी आमच्या घरात येणार. पुढे त्याच्या आजारपणात तू ज्या तऱ्हेने उभी राहिलीस, ते आम्ही जवळून पाहिलंय. आणि त्याच्यामागे दोन लेकरं आमच्या ओटीत घालून परक्या देशात कानांच्या तपासणीची नोकरी धरलीस, तेव्हा लोक काहीबाही बोलले. तुझ्या सासूबाईंनी एकेकाला असं गप्प केलं की मला त्या लोकांची दया आली.

आता मोठीचं पुढचं ऐक. टिल्लू गेल्यावर तिने तळहात हळूच उचलला, त्या माणसाकडे बघितलं आणि मला विचारलं, "आजोबा, फोनमधले चहावाले काका येतील का हो? आई त्यांच्याकडे बघून हसते." मी म्हटलं, आईला विचारून सांगतो.

म्हणून हे पत्र. मागे फोनवर तुझ्यासमोर कुणीतरी चहाचा कप ठेवला आणि तू फोन इतक्या झटकन वळवलास की घटकाभर आम्ही तुझ्या घराचं छत बघत बसलो. मैत्रीण आली आहे म्हणालीस. अगं, मैत्रिणींच्या मनगटावर एवढे केस नसतात. तू कानांची माणूस, मी डोळ्यांचा. माझ्यापासून काय लपवणार? नंतर तू दोनदोनदा सांगितलंस की विमानतळावर एकटीच येशील आणि मी असेपर्यंत घरात आपणच असू. तेव्हा समजलं की आमच्यासाठी तू त्या बिचाऱ्याला घराबाहेर काढते आहेस. असं करू नकोस, बाळ. तुझ्या सासूबाई हे कळल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, खोटं कशाला सांगू. मग पदराने तोंड पुसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, विचारा तिला, त्याला चहाशिवाय आणखी काय करता येतं. आमचा मुलगा त्याच्या जागी आहे, तिथून त्याला कुणी हलवू शकत नाही, आणि या माणसाने त्या भीतीने दाराबाहेर उभं राहावं असं आम्हाला वाटत नाही. मुलांना त्याच्याबद्दल तू स्वतः सांग, आम्ही तिकडे पोचायच्या आत. आणि विमानतळावर त्याला घेऊन ये. त्याला सांग, संकोचाने गर्दीत मागे राहू नकोस, अगदी पुढे ये. मुलं लहान आहेत, मागे उभं राहिलेलं माणूस त्यांना दिसत नाही.

तुझेच,
बाबा