लाल गिटारची दांडी

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

अकोल्याच्या दुकानात दोन बास गिटार, एक लाल, एक काळी, बराच वेळ वाजवून पाहिल्या. लालचा आवाज भरदार. तीच घेणार होतो. सोबत आलेले आमच्या बँडचे सलीमभाई म्हणाले, "बसून काय पाहून राहिला बे? वरातीत तुले खुर्ची देतीन काय?"

पट्टा अडकवून उभा राहिलो, तर लालची दांडी खाली झुकली. चालताना डाव्या हाताने दांडी सावरायची की सूर धरायचे? मागच्या लग्नसराईत जुन्या गिटारवर यातच सूर चुकले होते. काळीची दांडी जागची हलली नाही. आवाज मात्र पातळ.

काळीच आणली. बरोबर केलं ना? आल्यापासून उभ्यानेच वाजवतोय. आई म्हणाली, "बस न रे, पाय दुखतीन." बसलो नाही. बसलो की लालच आठवेल.