हौसाचा पूर्वपक्ष

४ मार्च १९४६, सोम. आष्टा.
सातवीचे निबंध तपासले. 'विद्येचे महत्त्व'. सगळ्यांची विद्या अंधारात दिवा लावते; तेल कुणी घालायचं, ते एकानंही लिहिलं नाही. असल्या निबंधानं कुणाचं मत बदलणार? माझंच विद्येविरुद्ध होत चाललंय.
लहानपणी वाईला घाटावर वडील वाद घालायला शिकवत, तो प्रकार उद्यापासून वर्गात. आधी पूर्वपक्ष: विरुद्ध माणसाचं म्हणणं, त्याच्याच तोंडचं वाटेल असं. त्यानं मान डोलावली तरच आपल्याला उत्तराचा हक्क.

६ मार्च, बुध.
हेडमास्तर म्हणाले, "मुलांना विरुद्ध बाजू शिकवून तपासणीला येणाऱ्या दिपोटींपुढं काय उभं करणार?" म्हटलं, मुलं. रुसले.
हौसा वर्गात सगळ्यांत हुशार. बाप हवालदार, लढाईवरून नुकताच परतलाय, आता ऊस बघतो. पोरीला पुढं सांगलीच्या हायस्कुलात जायचंय, बाप नाही म्हणतो. तिला म्हटलं, बापाचा पूर्वपक्ष लिही.
"गुर्जी, त्यांच्या बाजूनं?"
"त्यांच्याच."
डोळे भरून आले. पण लिहायला बसली.

११ मार्च, सोम.
घात. पोरीनं बापाच्या तोंडून असं लिहिलं की माझीच मान डोलली. 'माझी आई गेली तवा मी ब्रह्मदेशात हुतो. म्हैन्यानं कळलं. आता घरातलं माणूस नजरेआड करायचं न्हाई.' शाबासकी देऊन बसलो. तिनं घरी वाचून दाखवलं. हवालदारांनी चावडीत नेऊन चारचौघांना ऐकवलं. पोरीलाच पटलंय म्हटल्यावर सांगलीचा विषय मिटला.
सौ. म्हणाली, "छान शिकवलंत. आता तिचं लग्नही लावून या."

१३ मार्च, बुध.
हवालदार शाळेत. गुळाची ढेप घेऊन.
"गुर्जी, लय उपकार. पोरीला वळण लावलंसा."
गूळ उत्तम होता. मी ढेप बाजूला सारली.
म्हटलं, हवालदार, कवायत अर्धीच झालीय. तिनं तुमचं मांडलं. तुम्हाला 'नाही' म्हणायचंय ना? मग आधी तिचं म्हणणं तुम्ही मांडा. ती मान डोलावेपर्यंत उत्तर देता येत नाही.
"नेम हाय?"
"आहे."
नेम म्हटल्यावर टाचा जुळल्या. घरी येऊन झोपलो तो शांत.

१७ मार्च, रवि.
पहिली फेरी, आमच्या ओसरीवर; बापलेक समोरासमोर.
"हिला शहरात मिरवायचंय."
"न्हाई, आबा."
"मैतरणी चालल्यात म्हणून."
"न्हाई."
हवालदार माझ्याकडं वळले. "पोरगी फितूर हाय, गुर्जी."
चहा घेऊन गेले. हार मान्य नाही.

२३ मार्च, शनि.
दुसरी फेरीही फुकट. मग म्हणाले, "घरात इचारलं, पोरीच्या मनात काय हाय. बायको म्हणती, मला काय ठावं, माझ्या मनातलं कवा कुणी इचारलं?" हे सांगताना आवाज खाली आला. मी पानाचा डबा पुढं सरकवला. वादशास्त्रात यावर तोडगा नाही.

२ एप्रिल, मंगळ.
आज हवालदार बसले नाहीत. उभ्यानंच, पोरीकडं न बघता:
"हिला वाटतंय... आबा समुद्र वलांडून गेलं, तवा आमाला भ्या वाटत न्हवतं व्हय? तरी जाऊ दिलं. आन् आलं की माघारी. मी तर नदीपल्याड चाललीय. मीबी यीन. यायची न्हाई, आसं आबाला का वाटतंय?"
हौसाची मान डोलली. मग नुसती खालीच राहिली.
सौ. दाराआड पदर तोंडाला लावून. मला विनोद सुचेना. नोंद करून ठेवतो.
म्हटलं, हवालदार, आता उत्तर द्यायचा हक्क तुमचा.
त्यांनी पाणी मागितलं. प्याले. फेटा नीट केला, पायरी उतरले, परत वळले.
"गुर्जी, सांगलीत पोरींच्या वसतिगृहात पेटीला कुलूप लावाय लागतंय का?"
"हे तुमचं उत्तर, की नुसती चौकशी?"
"ते अजून ठरवलं न्हाई," म्हणाले, आणि पोरीला पुढं घालून गेले.